एकोणीस नंबरचं चित्र

बंद खोका नुसता हातात घेऊन आत काय आहे ते सांगणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच होता, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. केदारनाथ त्याचं नाव. परळीला धान्याच्या मोंढ्याच्या तोंडावर त्याचा एसटीडी-झेरॉक्सचा बूथ होता. होता म्हणजे पाटीवर नाव त्याचं. बूथ चालवायची त्याची बायको कावेरी. हा गडी सकाळी एम-एटीवर टांग टाकून जो निघायचा तो कधी दिंद्रुड, कधी पार चकलांब्यापर्यंत, गावोगावची जुनी दुकानं धुंडाळत फिरायचा. "जावयाला भंगाराचा नाद लागलाय," असं सासरे चारचौघांत म्हणायचे. केदारनाथ हसून उत्तर द्यायचा, "मामा, भंगार उघडं असतंय. आपला माल सीलबंद हाय."

हा माल कसला, ते आधी सांगायला पाहिजे. एकाहत्तर साली आपली टीम वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोन्हीकडं जिंकून आली आणि ज्यांनी जन्मात बॅट बघितली नव्हती तेही ट्रान्झिस्टरला कान लावून बसायला लागले. ती हवा बघून मुंबईच्या एका कंपनीनं 'मोरपंख चिंगम' काढलं. एका पुडीत गुलाबी चिंगमची एक वडी आणि एका खेळाडूचं रंगीत चित्र. चित्रं चोवीस. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर आणि पुडीच्या कागदावर चोवीसही नावांची यादी. अठ्ठेचाळीस पुड्यांचा एक खोका. पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला, चिंगमला कोण विचारतो? कंपनी बुडाली आणि दुकानदारांकडं उरलेले खोके माळ्यावर गेले ते गेलेच.

मग पंचवीस वर्षांत जग पालटलं. बाहेरदेशची चिंगमं आली, घरोघरी केबल आली, शहाण्णवचा वर्ल्डकप झाला, आणि शहरातल्या साहेबलोकांच्या हातात एवढा पैसा खुळखुळायला लागला की त्यांना आपलं लहानपण परत विकत घ्यावंसं वाटलं. औरंगाबादचे मोहनराव त्यांतलेच एक. वाळूजच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि घरी गेले की भिंग घेऊन ही चित्रं बघत बसणार. हाताळलेलं चित्र त्यांना नको. चारी कोपरे टोकदार पाहिजेत, कडेची पांढरी पट्टी चारी बाजूंनी सारखी पाहिजे, चिंगमचा डाग चालणार नाही. असं कोरं करकरीत चित्र फक्त न फोडलेल्या पुडीत मिळणार. म्हणून बंद खोक्यांचा शोध, आणि म्हणून केदारनाथ.

खोका हातात आला की तो आधी वास घ्यायचा. मग कानाशी धरून हलवायचा. खडखड वाजला तर चिंगम वाळून दगड झालंय आणि चित्रं वाचली. गप्प राहिला तर वड्या पाघळून चित्रांना चिकटल्या, खोका खाली ठेवा. मग तोंडावरचा डिंक बघायचा. कंपनीचा डिंक मशीननं ओढलेला, एका रेषेत सरळ. "उंदीर, कसर, ओल आणि माणूस," तो म्हणायचा, "चौघांचे दात मला वळखू येतात." आणि यायचेही! मुंबईकडचे खोके आतून दमटून वाकडे निघायचे. आमच्या जिल्ह्यातल्या कोरड्या हवेनं दुसऱ्या कुणाचं भलं केलं नसेल, पण ह्या चित्रांचं केलं. बीडचा माल कालच छापल्यासारखा असतो, असं मोहनराव म्हणाले की केदारनाथला तो आपणच छापल्यासारखा अभिमान वाटायचा.

घोडं अडलं होतं ते एका नंबरावर. एकोणीस. यादीत त्याच्यापुढं विकेटकीपरचं नाव होतं. केदारनाथनं दोन वर्षांत अकरा खोके फोडले. काही चित्रं तर तीस-तीस वेळा निघाली, पण एकोणीस एकदाही नाही. मोहनरावांच्या अल्बममध्ये तेवढा एकच खण रिकामा. "केदारनाथ, एकोणीस आणा," ते म्हणायचे, "मग तुमचा डोळा खरा." केदारनाथला हे लागायचं. डोळा खराच होता, चित्र मिळत नव्हतं.

अशात धर्मापुरीहून मामेभाऊ रामहरीचा फोन आला. "केदार, आमच्या गावात एक खोका हाय बघ. झडपेला हात न लागलेला. माळा साफ करताना मी डोळ्यानं बघितलाय."

"कुणाच्या दुकानात?"

"नीलम्माच्या."

केदारनाथनं रिसीव्हर खाली ठेवला. झेरॉक्स काढता काढता कावेरीनं मान वर केली. "काय झालं ओ?"

"काय न्हाई," तो म्हणाला. पण तोंड उतरलं होतं.

काय नाही कसं? केदारनाथ दहा वर्षांचा असताना शिकायला मामाकडं धर्मापुरीला होता. नीलम्माचा नवरा मन्मथप्पा, त्याचं किराणा दुकान देवळाच्या रस्त्याला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, तराजूची दांडी सरळ होईपर्यंत गिऱ्हाइकाकडं न बघणारा माणूस. सगळी पोरं मोरपंख चिंगम त्याच्याकडूनच घ्यायची. सगळ्यांकडं तेवीस चित्रं जमली, एकोणीस कुणालाच मिळेना. एक दिवस पोरांनी ठरवून टाकलं की आप्पा पुड्या फोडून एकोणीस नंबर काढून घेतो आणि परत चिकटवतो. मास्तरांचा मुलगा बंकट पुढं, सुग्रीव त्याच्या मागं, आणि अख्खा घोळका दुकानापुढं उभा राहून ओरडला, "वाणी चोर!" सगळ्यांत मोठा आवाज केदारनाथचा होता. पोरांचं ऐकून मोठी माणसंही कुजबुजायला लागली. वजनात मारत असेल, तेलात मिसळत असेल. आप्पानं त्या दिवसापासून चिंगम विकायचं बंद केलं. विकायचं बंद केलं म्हणजे चोरी पकडली गेली, असं गाव म्हणालं. आप्पा चौऱ्याऐंशी साली वारला, पण गावात कुणी काही लांबवलं की लोक अजूनही "मन्मथप्पाचं चिंगम केलं" असं म्हणायचे. आणि केदारनाथ? मामाकडं गेला की लांबच्या गल्लीनं जायचा. पंचवीस वर्षं ते दुकान त्यानं पुढून बघितलं नव्हतं.

पण एकोणीस नंबर ही काय साधी ओढ होती! मोहनरावांना फोन लावला तर ते खुर्चीतून उठलेच असतील. "हा खोका फोडायचा नाही बरं का," ते म्हणाले. "बंदच आणा. मी माझ्या हातानं फोडणार. फोडलेला खोका मला नको, आधीच सांगतो."

केदारनाथ धर्मापुरीला गेला. दुकान तेच, गल्ल्यावर नीलम्मा बसलेली. सत्तरी उलटलेली, नाकात मोरणी, कपाळावर भस्म, आवाज खणखणीत. तिच्यामागं भिंतीवर आप्पाची तसबीर. केदारनाथनं तिकडं बघायचं टाळलं.

"अक्का, मी रामहरीचा..."

"ठावं हाय कोण ते," नीलम्मा म्हणाली. "कावून आला?"

त्यानं सांगितलं. तिनं आत जाऊन खोका आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. "बघ."

केदारनाथनं वास घेतला. कानाशी धरला. खडखड वाजला, असा झकास की त्याच्या अंगावर काटा आला. मग त्यानं डिंकाची रेघ बघितली आणि त्याचे हात थांबले. रेघ सरळ नव्हती. आणि तिच्या कडेला निळसर हिरवी झाक होती. कंपनीच्या डिंकाला निळं काही नसतं. हे मोरचूद. घरी पिठाची खळ शिजवताना कसर लागू नये म्हणून आपल्याकडं त्यात मोरचूद टाकतात. म्हणजे खोका कुणीतरी घरात फोडला होता, आणि घरातल्याच खळीनं परत चिकटवला होता.

पंचवीस वर्षांपूर्वी दहा वर्षांचा पोरगा जे ओरडला होता, ते त्याच्या डोळ्यापुढं लिहून ठेवलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपला डोळा खोटा निघू दे. गप्प राहून खोका औरंगाबादला नेला असता तर कुणाला कळलं असतं? मोहनरावांना चित्राची पारख, खोक्याची नाही. पण नीलम्मा त्याच्या तोंडाकडंच बघत होती, आणि ह्या बाईशी खोटं बोलायचं त्याला जमेना.

"अक्का," तो म्हणाला, "हे आधी फोडलेलं हाय."

"हाय," नीलम्मा म्हणाली. "खळ मीच शिजवलती."

केदारनाथनं खोका खाली ठेवला.

"पोरं दारात वरडून गेली त्या दिवशी हा एकच खोका उरलाता. दुपारी दार लावून आत बसले. काय केलं, मला ठावं न्हाई. मग आठ-पंधरा दिवसांनी मला म्हणले, खळ दे. चिकटवला आन् माळ्यावर टाकला. म्हणले, मी हाय तवर ह्याला हात लावू नको. ते गेले, तरी मी लावला न्हाई. कावून ठावं हाय? भ्या वाटत होतं मला. आत एकोणीस नंबर निघाला तर?" तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "पस्तीस वर्षं संसार केला रे मी त्या माणसाबरोबर. चोराबरोबर केला का चांगल्या माणसाबरोबर, हे मला ठावं न्हाई. आता माझे किती दिवस राहिलेत? खोका तुला देते. पैसा नको. पर हितं फोडायचा. बाजारच्या दिवशी, ह्या पायरीवर, जे वरडले त्यांच्यापुढं."

"अक्का, निघाला तर..."

"निघाला तर निघाला. सगळ्यांना कळू दे, मला पण."

बघा आता पंचाईत. दोन वर्षं ज्या चित्रासाठी केदारनाथ रानोमाळ हिंडला, तेच चित्र निघालं तर ही म्हातारी चोराची बायको ठरणार. आणि फोडलेला खोका मोहनरावांना नको. पण केदारनाथ असा तसा गडी नव्हता. एकदा ठरवलं की ठरवलं. "फोडू," तो म्हणाला. "मीच फोडतो."

बाजारच्या दिवशी नीलम्मानं सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला निरोप दिला आणि दुपारपर्यंत पायरीपुढं पन्नासेक माणसं जमली. सुग्रीव आला, आता ग्रामपंचायतीचा मेंबर, पांढराफेक सदरा. बंकट आला, वडिलांसारखाच मास्तर झालेला, हायस्कूलला इंग्रजी शिकवायचा. रामहरी होता. सुग्रीवनं केदारनाथच्या खांद्यावर थाप मारली, "काय बे, आता तरी निघणार का आपला एकोणीस?"

"गप बस," केदारनाथ म्हणाला.

"आधी एकदा फोडून चिकटवलेला हाय," असं सगळ्यांना सांगून त्यानं नखानं खळ उकलली. वरची झडप उघडली. पुड्या चार ओळींत, बाराबारा, अशा नीट लावलेल्या की कंपनीनंही लावल्या नसत्या. एकेक पुडी काढायची, उघडायची, नंबर मोठ्यांदा सांगायचा, चित्र नीलम्माच्या पुढ्यात ठेवायचं. सात. बावीस. तीन. अकरा. चित्रं काय होती म्हणता! कोपरे टोकदार, रंग ताजे, डाग नावाला नाही. दुसरा कुठला दिवस असता तर केदारनाथ नाचला असता. आज प्रत्येक पुडी उघडताना एकोणीस निघू नये एवढंच तो मागत होता. चौदा. दोन. चोवीस. नीलम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. तीस पुड्या झाल्या. चाळीस झाल्या. शेवटची उघडली. नऊ.

एकोणीस नव्हता. केदारनाथनं सुस्कारा सोडला. नीलम्मानं डोळे मिटले.

"मग?" सुग्रीव म्हणाला. "काढून घेतला आसंल ना. फोडलेला हाय म्हणतोस तूच. त्याच्यासाठीच फोडला आसंल."

गर्दीत कुणीतरी हसलं. केदारनाथच्या डोक्यात तिडीक गेली. उठून सुग्रीवची गचांडी धरावी असं वाटलं, पण कोणत्या तोंडानं धरणार? पंचवीस वर्षांपूर्वी हेच वाक्य त्यानं म्हटलं होतं. त्यानं रागानं रिकामा खोका उचलला आणि त्याच्या हाताला वजन लागलं. रिकामा खोका एवढा जड नसतो. तळाला एक पुठ्ठा बसवलेला होता. पुठ्ठा काढला. खाली एक लांब पाकीट, वर इंग्रजी टाइप, कोपऱ्यात छापलेलं मोरपीस, रजिस्टरचे शिक्के. पाकीट बंद. त्याचा डिंक केदारनाथनं उन्हात धरून बघितला. एका रेषेत सरळ.

"हे कुणीच फोडलेलं न्हाई," तो म्हणाला. "अक्का, हे काय हाय?"

नीलम्मानं पाकीट हातात घेतलं आणि ती खालीच बसली. "हे... हे तर जाळलं म्हणलेते मला. कंपनीला त्यांनी कागद लिवलाता, एकोणीस नंबर कावून येत न्हाई म्हणून. मग हे आलं. पोस्टमन सही घेऊन गेला. इंग्रजी बघून ते घाबरले. उर्दू फडाफडा वाचायचे, मराठी वाचायचे, इंग्रजीचं अक्षर ठावं न्हाई. म्हणले कोर्टाची नोटीस आलीय. मी म्हणलं मास्तरकडं न्या, वाचून सांगतील." तिनं बंकटकडं बघितलं. "म्हणले, त्याच्याच पोरानं दारात येऊन चोर म्हणलं. त्याच्यापुढं कसा जाऊ? आन् खळ मागितली."

बंकट मास्तरनं मान खाली घातली.

"वाच," नीलम्मानं पाकीट त्याच्यापुढं धरलं. "तुज्या बापानं वाचायचं होतं, आता तू वाच."

बंकटनं पाकीट फाडलं. मनातल्या मनात वाचलं, परत वाचलं, आणि कागद खाली घेतला.

"मोठ्यांदा," नीलम्मा म्हणाली. "आन् मराठीत."

"श्री. मन्मथप्पा, धर्मापुरी," बंकट वाचायला लागला. शब्दाशब्दाला अडत होता, आणि ते काही इंग्रजी कठीण होतं म्हणून नव्हे. "आपलं पत्र पोचलं. आपल्या दुकानातील पुड्या तपासून एकोणीस क्रमांकाचं चित्र एकाही पुडीत नाही असं आपण कळवलंत, ते बरोबर आहे. सदर चित्र छापण्यात आलेलं नाही. मुलांनी खरेदी चालू ठेवावी यासाठी संच अपुरा ठेवण्याचं कंपनीचं धोरण आहे. ही माहिती गिऱ्हाइकांना देऊ नये. आपण सहकार्य कराल अशी आशा आहे. त्याबद्दल पुढच्या मालासोबत दोन खोके जादा पाठवण्यात येतील."

छापलंच नव्हतं! पोरांनी ज्याच्यासाठी खाऊचे पैसे घातले, केदारनाथनं ज्याच्यासाठी अकरा खोके फोडले, मोहनरावांनी ज्याच्यासाठी खण रिकामा ठेवला, ते चित्र जगात कुठंच नव्हतं. केदारनाथला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. उलट अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. मोहनरावांना आता छातीठोक सांगता येणार होतं, साहेब, तुमचा अल्बम पुरा झाला. पण मग त्याला तो माणूस आठवला, दार लावून एकटा अठ्ठेचाळीस पुड्या तपासणारा, एकेक परत चिकटवणारा. आपण निर्दोष आहोत हे सांगणारा कागद हातात घेऊन, त्यालाच नोटीस समजून, बारा वर्षं भ्यालेला. केदारनाथच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

गर्दीत चुळबुळ झाली. सुग्रीव पुढं आला. मेंबरच तो, त्याला लगेच सुचलं. "अक्का, लई मोटी चूक झाली गावाची. आपण एक काम करू. ग्रामपंचायतीत आप्पांची तसबीर लावू. हार घालू. मी दोन शब्द बोलतो सगळ्यांच्या वतीनं."

नीलम्मा उठून उभी राहिली. रडली नव्हती. ताठ उभी होती, आणि आवाज असा लागला की बाजारातल्या शेवटच्या पालापर्यंत गेला असेल.

"हार नको. सगळ्यांच्या वतीनं पण नको. चोर म्हणताना तुमी कुणाला वतीनं पाठवलं नव्हतं, आपापल्या तोंडानं म्हणलेते. तसबीर हितंच हाय. एकेकानं पायरी चढायची, त्यांच्यापुढं उभं राहायचं, आन् म्हणायचं."

पन्नास माणसं जमिनीकडं बघायला लागली. सुग्रीवनं सदऱ्याचं बटण लावलं, परत काढलं. बंकट कागदाच्या घड्या घालत राहिला.

केदारनाथ पहिला पुढं झाला. चपला काढून पायरी चढला, गल्ल्याजवळून आत गेला आणि तसबिरीपुढं उभा राहिला. आप्पाचे डोळे तसेच होते, तराजूकडं बघणारे. केदारनाथनं हात जोडले. कुजबुजून भागलं असतं, पण त्यानं मुद्दाम बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हटलं, "आप्पा, सगळ्यांत मोठ्यांदा वरडलेला मीच. चुकलो मी."

आणि तो तिथंच उभा राहिला. पाय निघेनात. अजून काहीतरी म्हणावं असं वाटत होतं.

मागून त्याच्या पाठीवर हात पडला. "ऐकलं त्यांनी," नीलम्मा म्हणाली. "सरक आता. मागं लाईन हाय."